पाठ

कुओपिओच्या धक्क्यावर व्हॅन थांबली.
ओइवा सिगारेट आणायला म्हणून उतरला
आणि गोठलेल्या तळ्यावरून चालू लागला.
आधी टोपी दिसत होती, मग ठिपका,
मग नुसतं पांढरं.
पोस्टरवर चेहरा त्याचा. रात्री आठला कार्यक्रम.

उरलो तिघं.
हेइमो गिटारवर, मी बासवर,
आणि ड्रमवर व्हेइक्को, ज्याला
नऊ वर्षांत कुणी धड पाहिलंही नव्हतं,
झांजांच्या आड एक कपाळ, बस.
"मला येतात शब्द," तो म्हणाला,
उसने पैसे मागावेत तशा आवाजात.
सगळीच गाणी पाठ होती त्याला.
नऊ वर्षं तो ओठांतल्या ओठांत गात होता
आमच्या पाठीमागे.

मग ड्रमवर कोण?
हेइमो माझ्याकडे बघायला लागला.
तो संच मी तांपेरेच्या कितीतरी जिन्यांवरून
चढवला-उतरवला होता.
त्याचं वजन ठाऊक होतं, त्याचं म्हणणं नाही.
"तुझा ठेका पक्का आहे, राइली."
खोटं.
माझा ठेका व्हेइक्कोच्या खांद्यावर हात ठेवून चालायचा,
परक्या घरात रात्री
भिंत चाचपत जावं तसा.

स्टूल त्याच्या उंचीचं. माझी टाच पेडलला जेमतेम पोचायची.
तिथं बसल्यावर कळलं,
ड्रमवाल्याच्या वाट्याला माणसं येत नाहीत,
पाठी येतात.

व्हेइक्को पुढे जाऊन दिव्यात उभा राहिला.
हातांचं काय करायचं ते त्याला सुचेना.
खिशात घातले. काढले.
मायक्रोफोनची दांडी दोन बोटांत धरली,
ड्रमची काठी धरतात तशी.
पहिलं कडवं त्यानं आमच्याकडे तोंड करून म्हटलं.
गर्दीतून कुणी ओरडलं, "अरे, वळ की!"
तो वळला.

शर्ट घामानं चिकटलेला,
आत खांद्यांची हाडं हलत होती,
डावं, उजवं, उजवं, डावं.
गळ्यानं गात होता
आणि पाठीनं वाजवत होता.
मी ती वाचत गेले.
ठोका चुकला की एक हाड थांबायचं,
माझी वाट पाहायचं,
मी पोचले की पुन्हा निघायचं.

आवाज काही चांगला नव्हता हो त्याचा.
ओइवा गायचा तेव्हा दिवे लागल्यासारखं व्हायचं.
व्हेइक्कोचा आवाज म्हणजे
बंद गिरणीचं न तेल घातलेलं दार.
पण त्या दारातून वारा येत होता.

पुढच्या वर्षी, बर्फ फुटायच्या दिवसांत,
ओइवा तालमीच्या तळघरात येऊन उभा राहिला.
दाढी वाढलेली, हातात तीच टोपी.
कुठे होतास, असं कुणी विचारलं नाही.
त्यानं पुढे पाहिलं, तिथे व्हेइक्को.
मागे पाहिलं, तिथे मी.
"रिकामं काय आहे?"
हेइमोनं कोपऱ्याकडे हनुवटी उडवली.
बासच्या पेटीवर कुणीतरी कॉफीचे कप मांडून ठेवले होते.

मीच शिकवलं त्याला. जाड तार आधी.
बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले.
एकदा वाजवता वाजवता थांबून म्हणाला,
"इथून आपलं आपल्याला ऐकूच येत नाही गं."
मी म्हटलं, "नाही येत."
आणखी काही बोलता आलं असतं. नाही बोलले.

अकरा वर्षं मग तसंच चाललं.
नवा फोटो काढायला कुणाला सवडच झाली नाही,
पोस्टरवर अजून ओइवाच पुढे.
व्हॅनमध्येही काही बदललं नाही.
खिडकी ओइवाची. नकाशा हेइमोच्या मांडीवर, नेहमी उलटा.
आणि सगळ्यात मागे, सुट्या चाकावर, व्हेइक्को,
गुडघ्यांवर बोटं आपटत.

गाडी मी चालवायची.
आरशात तेवढा
त्याचा चेहरा दिसायचा मला.